शेवटच्या बटणाआधी

बाबांचा फोन पर्समध्ये थरथरला तेव्हा मी ऑफिसात कॉफीच्या मशीनपुढे कप धरून उभी होते. बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते. त्यांचा फोन मी बंद केला नव्हता. रोज सकाळी माझ्या फोनशेजारी तोही चार्जिंगला लावायचा आणि निघताना पर्समध्ये टाकायचा, हे कशासाठी, असं मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्या फोनवर येऊन येऊन काय येणार, तर बूट स्वस्त झाल्याच्या जाहिराती. म्हणून कप भरेपर्यंत मी लक्ष दिलं नाही. मग एका हातानं चेन उघडून वाचलं : ‘आपण हयात असल्याची नोंद झाली आहे. पुढील नोंद एक वर्षाने. धन्यवाद.’ खरं सांगते, आधी मला आनंद झाला. अर्धा क्षण असेल, पण झाला, आणि चांगला पोटातून झाला. मग कॉफी हातावर सांडली. मागून कुणीतरी म्हणालं, “अहो, भाजलं का?” मी म्हटलं, “नाही, नाही.” भाजलं होतं.

माझं काम सांगायला अवघड आणि ऐकायला कंटाळवाणं आहे. आईला मी ते तीनदा समजावलंय, आणि तिनं त्यातून स्वतःपुरतं एक वाक्य काढून ठेवलंय : “आमची मुलगी यंत्रांना वाचायला पुस्तकं लिहिते.” तसं ते चूक नाही. हल्ली एजंट म्हणून जे प्रोग्राम निघालेत ते माणसाऐवजी ब्राउझर चालवतात. फॉर्म भरतात, तिकिटं काढतात, बटणं दाबतात. त्यांच्या हाताशी वीसेक टूल्स असतात. एक क्लिक करतं, एक अक्षरं टाइप करतं, एक समोरचं पान वाचून देतं, एक नुसतं थांबतं. प्रत्येक टूलखाली त्याची माहिती असते, ते कधी वापरावं, कधी वापरू नये, वापरताना काय बिघडतं. ती मी लिहिते. एजंटला डोळे नाहीत, अनुभव नाही, लाज नाही. मी लिहिलं तेवढंच त्याला ठाऊक. आमच्याकडे त्याला सगळे सांगकाम्या म्हणतात. माणसाला ‘जरा दार बघ’ म्हटलं तर तो उठून उघडतो, सांगकाम्या दाराकडे बघत बसतो, त्याच्यासाठी लिहिताना काही म्हणजे काही गृहीत धरायचं नसतं. मला हे बरं जमतं. माणसांशी बोलताना मी निम्मं पोटात ठेवते आणि समोरच्यानं ओळखलं नाही की चिडते. सांगकाम्याच्या बाबतीत मात्र माझ्या अंगी संतांची सहनशीलता येते. आमचा टीमप्रमुख, ज्याला आम्ही पाठीमागे कात्री म्हणतो कारण तो आल्या वाक्याला कापल्याशिवाय पुढे सोडत नाही, तोसुद्धा म्हणतो की तुमच्या मजकुरावर सांगकाम्या सगळ्यांत कमी चुकतो.

त्याचं श्रेय बाबांचं होतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाबा गोदीत क्रेन चालवायचे. निवृत्तांना वर्षातून एकदा गोदीच्या साइटवर जाऊन आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं. मी या धंद्यात अकरा वर्षं काढली, पण त्या पानाइतकं वाईट पान दुसरं पाहिलं नाही. तारीख निवडावी तर वर्षांची यादी चालू वर्षापासून सुरू होते आणि जन्मसालापर्यंत उतरता उतरता बोट दुखतं. मग चार प्रश्न, आणि चौथ्याचं उत्तर दिलं की पान आपोआप नवं होतं. शेवटी मोठं हिरवं बटण : ‘मी हयात आहे’. ते दाबायला जावं तर वरून जाहिरात उलगडते आणि बटण दोन बोटं खाली सरकतं. बाबा त्या पानाशी झगडायचे आणि मी शेजारी बसून, कधी चिडत, कधी हसत, ते कुठं अडतात ते बघायची. बटण सरकल्यावर ते जुन्याच जागी दाबायचे. मी म्हणायची, “बाबा, मघाचं पान आता नाहीये. पुन्हा बघा, मग दाबा.” हे जसंच्या तसं मी क्लिकच्या माहितीत लिहिलं : दर क्लिकआधी पान पुन्हा वाचावं, मघाशी वाचलेलं आता राहिलेलं नसतं. आणि ते पानच मी आमच्या चाचणीत टाकलं, बाबांच्या लॉगिनसकट. दर सोमवारी सकाळी अकराला सांगकाम्या बारा पानांवरून फिरवला जातो, त्यातलं सातवं पान बाबांचं. सांगणं एवढंच : हा फॉर्म भर. वर्षभर तो दर सोमवारी भरायचा, आणि हिरव्या बटणाआधी थांबून विचारायचा, ‘ही कृती परत घेता येणार नाही. पुढे जाऊ का?’ कुणी उत्तर द्यायचं नाही, तो तिथंच थांबायचा, आणि मी निकालापुढे ‘पास’ अशी खूण करायची. दुसऱ्याचं खरं लॉगिन चाचणीत टाकायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण सोमवारी अकरा वाजता बाबांचं नाव सांगकाम्या भरतोय हे मला आवडायचं. ते गेल्यानंतरच्या सोमवारांतही मी ते काढलं नाही.

आजच्या सोमवारी तो थांबला नव्हता. जागेवर येऊन मी त्याच्या पावलांची नोंद उघडली. पान वाचलं. वर्ष निवडलं. चार उत्तरं भरली. पान पुन्हा वाचलं. बटणाची नवी जागा ओळखली. क्लिक केलं. एकही पाऊल चुकलेलं नव्हतं, इतकं सुबक काम की दुसऱ्या कुठल्या पानावर असतं तर मी ते कात्रीला नेऊन दाखवलं असतं. मग मी क्लिकची माहिती काढली आणि ओळींवरून बोट फिरवत गेले. थांबून विचारण्याचं वाक्य तिथं नव्हतं. बदलांच्या यादीत ते वाक्य कुणी काढलं त्याची खूण होती, ती माझी. बाबा गेल्यानंतर चौथ्या दिवशी मी ऑफिसात गेले होते. कात्री माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्ही घरी जा बरं.” मी म्हटलं, “काहीतरी काम द्या.” त्यानं मान खाली घालून सांगितलं की मजकूर फार लांबलाय, सांगकाम्या ऊठसूट विचारत बसतो, गिऱ्हाईकं कावलीत, जमलं तर थोडं छाटा. मी त्या दिवशी चौदा वाक्यं छाटली. छाटताना किती बरं वाटलं होतं तेही मला आठवतं. चार आठवडे ते तसंच पडून होतं, तपासणारा रजेवर होता, आणि गेल्या शुक्रवारी ते लागू झालं. दोष द्यायला दुसरं कुणी सापडतं का, ते मी थोडा वेळ शोधलं. मग लॅपटॉप मिटला, डोकं दुखतंय असं सांगितलं आणि आईकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले.

आता हे निस्तरायचं तर एकच वाट होती. त्याच साइटवर ‘मृत्यूची नोंद’ म्हणून पान आहे, ते भरायचं. आई पाच आठवडे मागे लागली होती, “अगं, तेवढं कळवून टाक त्यांना,” आणि मी “करते, करते” म्हणत ताकास तूर लागू देत नव्हते. एकदा मी ते पान उघडलं होतं. नाव, तारीख, वेळ, ठिकाण, आणि त्याखाली एक यादी : ‘निधनसमयी सोबत असलेली व्यक्ती’. पती किंवा पत्नी, मुलगा किंवा मुलगी, शेजारी, रुग्णालय, कोणी नाही. ते पाहून मी पान बंद केलं होतं. हे पान सांगकाम्याला भरायला द्यावं असं बसमध्ये माझ्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. तो भरेलही, मुकाट भरेल. पण त्या यादीपाशी आला की तो मलाच विचारणार, काय निवडू.

बाबांना थांबायला सांगितलं की ते थांबत. क्रेनच्या केबिनमधून खालचा बोजा धड दिसत नाही, खाली उभा असलेला माणूस हातानं खुणा करतो, त्यावर सगळं चालतं. तळहात वर गेला की थांबायचं, आणि ज्यानं वर केला त्यानंच खाली करेपर्यंत हलायचं नाही. का, हे विचारायचं नाही, कारण त्याला दिसतंय ते आपल्याला दिसत नाही. “मी उंटावरचा शहाणा नव्हतो,” बाबा म्हणायचे, “मी उंटावरचा आज्ञाधारक.” निवृत्त झाल्यावर संगणकाच्या बाबतीत खालचा माणूस मी झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा सकाळी फोन आला, “अगं, नुसतं चाक फिरतंय.” मी गडबडीत म्हटलं, “फिरू द्या. थांबा. कशाला हात लावू नका,” आणि विसरून गेले. संध्याकाळी साडेपाचला आईचा फोन, “हे सकाळपासून त्या यंत्रापुढे बसलेत. जेवायलाही उठत नाहीत. तू म्हणालीस म्हणे.” मी हसून हसून बेजार झाले. ऑफिसात सगळ्यांना रंगवून सांगितलं. आणि त्या हसण्यातून माझं सगळ्यांत नावाजलेलं लिखाण झालं. थांबण्याच्या टूलखाली मी लिहिलं : नुसतं थांबू नये. कशासाठी थांबायचं, किती वेळ थांबायचं आणि तेवढ्यात ते घडलं नाही तर काय करायचं, हे तिन्ही ठरवून मगच थांबावं. नवीन येणाऱ्यांना शिकवताना कात्री अजून ते वाचून दाखवतो.

बाबा गेले त्या दिवशी आई मावशीकडे गेली होती, तीन दिवसांसाठी. अकरा वाजून दहा मिनिटांनी बाबांचा फोन आला. “जरा छातीत भरल्यासारखं वाटतंय. काही नाही विशेष. तू कामात आहेस का?” मी कामात होते. मी म्हटलं, “बाबा, खुर्चीत बसा. थांबा. हलू नका. मी येते.” ते म्हणाले, “बरं.” ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं, नेहमीचंच, निर्धास्त. मी एक परिच्छेद लिहीत होते, तो पुरा केला. तो कशावर होता ते आता आठवत नाही, पाच आठवडे मी आठवून बघतेय. अकरा पस्तीसला निघाले. पुढे रस्ता खणलेला होता, बस वळणं घेत घेत गेली. पोचले तेव्हा बारा चाळीस झाले होते. दार उघडंच होतं आणि दारात पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाई उभ्या होत्या, गळ्यात मापाची टेप तशीच, हात तोंडावर. बाबा खुर्चीत होते. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर. बाई पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या, “मी साडेअकराला कपडे द्यायला आले, तर घामानं भिजलेले. म्हटलं, चला, माझी गाडी खालीच आहे, दवाखाना पाच मिनिटांवर. तर म्हणाले, नको, लेकीनं हलू नका म्हटलंय, येतेय ती. मी किती म्हटलं हो. ऐकेनात. आत्ता पुन्हा बघायला आले, तर...” नंतर डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर काही सांगता आलं असतं. काय सांगता आलं असतं, ते मी विचारलं नाही.

आईला फोन मी केला. ती रडत नव्हती, मोठ्यानं श्वास घेत होती, आणि मग तिनं विचारलं, “एकटेच होते का गं?” मी म्हटलं, “नाही. मी होते जवळ.” हे मी ठरवून बोलले नाही. पण एकदा बोलल्यावर त्याला पाय फुटले. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ते माझा हात धरून गेले, असं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंही. ज्यांना खोटं बोलता येत नाही त्यांनी थोडक्यात बोलावं, मी भरभरून बोलले. आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, “लेक होती जवळ. हात धरून गेले,” आणि तेवढं सांगताना तिचा चेहरा जरा सैल व्हायचा. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या कपाळी तो कधी बसतो याची मी वाट बघत होते. शिंपीणबाई समोर येऊ नयेत म्हणून मी आईकडे मागच्या जिन्यानं जाऊ लागले. त्या आजवर आईला काही बोलल्या नव्हत्या. का नाही बोलल्या, ते त्यांनाच ठाऊक.

आज मी पुढच्या जिन्यानं गेले, मागचा आठवलाच नाही. बाईंचं दार लोटलेलं होतं, आत मशीन चालू होतं. आईनं दार उघडलं. “आज दुपारचीच? बरं नाही का?” तिच्या हातात बाबांचे मोजे होते. तिनं सगळे पलंगावर पसरून जोड्या लावायला घेतल्या होत्या. “द्यायचेत कुणाला तरी,” ती म्हणाली, “पण एकेकटे कसे द्यायचे.” मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि झालेला घोळ तिला सांगितला, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. माझ्या यंत्रानं चुकून बाबा जिवंत असल्याचं कळवलं. ती मग खुदकन हसली, पाच आठवड्यांत पहिल्यांदा. “म्हणजे सरकारदरबारी आहेत म्हण की.” आणि लगेच डोळे पुसत म्हणाली, “काढ ते पान. मीही बसते.”

ती बाबांच्या खुर्चीत बसली नाही, स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली. नाव तिनं वाचून बरोबर असल्याचं सांगितलं. तारीख तिनं सांगितली. वेळेच्या रकान्यात मी बारा चाळीस घातले, कारण दाखल्यावर तसं होतं. मग ती यादी आली. आईनं चष्मा सारखा केला आणि एकेक वाचत गेली. “मुलगा किंवा मुलगी. हे बघ. हे निवड, तूच होतीस ना.” माझा हात माऊसवर होता. एवढं निवडलं की संपलं. पान पुढे जाईल, गोदीतल्या कुणाला पडलीय, आणि आईच्या चेहऱ्यावर जे जरा सैल झालंय ते तसंच राहील. दुसऱ्यांना पटकन दुखवावं असा माझा स्वभाव नाही, पण स्वतःला वाचवताना मी ते दुसऱ्यासाठी करतेय असं म्हणायची सवय मात्र आहे. आईला सांगितलं नाही ते तिच्या जिवासाठी, असं मी पाच आठवडे स्वतःला पढवलं होतं. ती माझ्या अगदी खांद्याशी होती. मी यादीत खाली उतरले आणि ‘कोणी नाही’ निवडलं.

“चुकलं बघ तुझं,” आई म्हणाली, “खाली गेलं.”

“चुकलं नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडेच बघत बसली. खालच्या मजल्यावरचं शिलाईचं मशीन बंद झालं आणि पुन्हा सुरू झालं. मग ती म्हणाली, “हात धरला होता म्हणालीस.”

“नाही धरला. मी पोचले तेव्हा झालं होतं सगळं.”

“फोन किती वाजता आला त्यांचा?”

“अकरा दहा.”

“लगेच निघालीस?”

“अकरा पस्तीसला. एक परिच्छेद राहिला होता.”

“हं. आणि शेजारी कुणी नव्हतं का बिल्डिंगमध्ये?” मग मी शिंपीणबाईंचं सांगितलं. गाडी खालीच होती हे सांगितलं. दवाखाना पाच मिनिटांवर हे ती जाणतच होती. बाबा काय म्हणाले तेही सांगितलं, शब्दन् शब्द, लेकीनं हलू नका म्हटलंय. आई एकेक विचारत गेली, आवाज न चढवता, आणि मी उत्तर देत गेले, आणि मला वाटत होतं की आता ती ओरडेल, निदान उठून जाईल. ती उठली नाही. तिच्या मांडीवर एक करडा मोजा राहिला होता, त्याची टाच फाटली होती, त्यात ती बोट घालत होती आणि काढत होती.

“मधे एकदा फोन केलास?”

“नाही.”

“दीड तासात एकदाही?”

“नाही.”

“का गं?”

यावर मी काय काय तयार ठेवलं होतं. रेंज नव्हती. बसमध्ये उभी होते. पण एवढं सगळं सांगितल्यावर तेवढ्यासाठी कुठं खोटं बोलायचं. “मला खात्री होती,” मी म्हटलं. “बाबा थांबतील याची. त्यांची काळजीच वाटली नाही मला.” आणि मग मला रडू फुटलं, पाच आठवड्यांचं, नाक-तोंड एक करून. आईनं मला जवळ घेतलं नाही. पाठीवर हातही ठेवला नाही. माझं रडणं ओसरेपर्यंत ती शेजारी बसून होती एवढंच.

“एकेचाळीस वर्षं मी त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालले,” ती म्हणाली. “सतत वीस पावलं पुढं. हाका मारून माझा घसा बसायचा, पण माणूस वळून बघेल तर शपथ. लग्नानंतर पहिल्यांदा बाजारात गेलो ना, तेव्हाच मला मागं टाकून घरी येऊन बसले होते. माझे पाय दुखायला लागले तरी तेच. माझ्यासाठी कधी दोन मिनिटं थांबले नाहीत.” तिनं मोजा मांडीवरून उचलला, टाचेचं भोक बघितलं. “तुझ्यासाठी थांबले.”

हे तिनं मला क्षमा म्हणून दिलं की शिक्षा म्हणून, ते तिच्या आवाजावरून कळेना. मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते, ती माझ्याकडे बघत नव्हती.

“काढ पुढचं पान,” ती म्हणाली.